डेगास २ : प्लाझ्मात सोडलेल्या वायूचा माग काढणारी आज्ञावली

चुंबकीय क्षेत्राने कोंडलेल्या प्लाझ्मात बाहेरून सोडलेला वायू कोठवर पोहोचतो, कोठे आयनित होतो (म्हणजे इलेक्ट्रॉन गमावून प्रभारित होतो) आणि त्यातला किती भाग खरोखर इंधन म्हणून कामी येतो, हे संगणकावर तपासू देणाऱ्या ज्या थोड्या आज्ञावली विद्यार्थ्यांच्या आवाक्यात आहेत, त्यांत ‘डेगास २’चे नाव वरच्या क्रमाने घ्यावे लागते. मुंबईतील पदव्युत्तर भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हा विषय प्रकल्प म्हणून देता येईल का, हे पाहण्यासाठी प्रस्तुत लेखकाने ती वापरून पाहिली आणि हे परीक्षण त्याच दृष्टीने लिहिले आहे. मत आधीच सांगतो. या आज्ञावलीला विचारण्याजोगा प्रश्न एकच आहे आणि त्या प्रश्नाचे उत्तर ती अतिशय चोख देते. भलताच प्रश्न विचारला, तर त्याचेही उत्तर ती तितक्याच आकड्यांनिशी पुढे ठेवते आणि ते उत्तर विश्वासार्ह नाही हे ओळखण्याची जबाबदारी संपूर्णपणे वापरणाऱ्याची असते.

तो प्रश्न कोणता, हे समजण्यासाठी वायूच्या झोताबरोबर थोडे आत शिरावे लागेल. टोकामाकमध्ये, म्हणजे अणुसंमीलनासाठी प्लाझ्मा चुंबकीय क्षेत्रात कोंडणाऱ्या वलयाकार यंत्रात, इंधन भरण्याची सर्वांत जुनी आणि सोपी रीत म्हणजे निर्वात पात्राच्या भिंतीत बसवलेल्या पिझोविद्युत झडपेतून हायड्रोजनचा किंवा ड्यूटेरियमचा झोत काही मिलिसेकंदांसाठी सोडणे. खोलीच्या तापमानाचा हायड्रोजन रेणू सेकंदाला साधारण पावणेदोन किलोमीटर वेगाने आत येतो. प्लाझ्माच्या कडेला इलेक्ट्रॉनांची घनता दर घनमीटरला १० चा १९ वा घात आणि तापमान २० ते ३० इलेक्ट्रॉन व्होल्ट असेल, तर या रेणूला जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचे आयुष्य मिळते. तेवढ्यात इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने तो फुटतो किंवा आयनित होतो. फुटलेल्या रेणूतून निघणाऱ्या अणूंना मात्र प्रत्येकी सुमारे ३ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लाभते, त्यांचा वेग सेकंदाला सुमारे २४ किलोमीटर होतो आणि केवळ आयनीभवनाचाच विचार केला तर ते याच घनतेत १५ सेंटिमीटरांच्या आसपास आत जाऊ शकतात. तेवढेच असते तर सर्व गणित एका कागदावर उरकले असते.

परंतु वाटेत प्रभार विनिमय आहे. थंड अणू आपला इलेक्ट्रॉन जवळच्या तप्त आयनाला देतो, स्वतः आयन होऊन चुंबकीय रेषेला जखडला जातो आणि तो तप्त आयन उदासीन, म्हणजे प्रभाररहित, होऊन मोकळा सुटतो. आपल्या लोकलच्या डब्यात ‘कुठे उतरणार?’ असे विचारून जागा धरून ठेवणारा प्रवासी बसतो आणि बसलेला उठून दाराकडे निघतो, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की येथे उठणारा कोणत्याही दिशेने जाऊ शकतो. १०० इलेक्ट्रॉन व्होल्टच्या भागात जन्मलेला असा उदासीन अणू सेकंदाला सुमारे १४० किलोमीटर वेगाने निघतो आणि त्याच घनतेत आयनित होण्यापूर्वी अर्धा मीटरही कापू शकतो. त्याची दिशा आतली असेल तर तो गाभ्याला इंधन पुरवतो, बाहेरची असेल तर भिंतीवर आदळतो आणि सोबत प्लाझ्मातली ऊर्जा घेऊन जातो. एकेका अणूच्या वाट्याला असे अनेक विनिमय येतात. त्याच्या प्रवासाला साधे विसरणाचे समीकरण लावावे, तर दोन टकरींमधले अंतर आणि प्लाझ्माचे आकारमान एकाच मापाचे असल्याने त्या समीकरणाचे मूळ गृहीतकच कोसळते. म्हणून कणाकणाचा माग काढणारी मॉन्टे कार्लो पद्धत येथे सोयीपेक्षा गरजेची ठरते.

या अंतरांचा अर्थ यंत्रागणिक बदलतो. गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत १९८९ मध्ये सुरू झालेल्या ‘आदित्य’ टोकामाकची मोठी त्रिज्या (वलयाची) ०.७५ मीटर आणि लहान त्रिज्या (वलयाच्या छेदाची) ०.२५ मीटर होती. अशा यंत्रात वर सांगितलेले तप्त उदासीन अणू थेट मध्यापर्यंत जाऊ शकतात आणि वायूच्या झोताने इंधन भरणे पुरेसे परिणामकारक ठरते. फ्रान्समध्ये उभ्या राहणाऱ्या ‘ईटर’ या आंतरराष्ट्रीय टोकामाकची लहान त्रिज्या २ मीटर असून तेथील अपेक्षित घनता दर घनमीटरला १० च्या २० व्या घाताच्या आसपास आहे, तेथे भिंतीतून सोडलेला वायू बाहेरच्या थरातच संपून जाणार, आणि म्हणूनच गाभ्याच्या इंधनासाठी गोठवलेल्या हायड्रोजनच्या गोळ्या वेगाने आत मारण्याची योजना आहे. होमी भाभांनी १९५५ च्या जिनिव्हा परिषदेत अध्यक्षपदावरून नियंत्रित संमीलनाची ऊर्जा दोन दशकांत हाती येईल असे भाकीत केले होते, हे मुंबईत आजही आवर्जून सांगितले जाते. त्या भाकिताच्या आड जे अनेक किचकट प्रश्न आले, त्यांत ‘इंधन आत कसे घालायचे’ हा वरवर अगदी घरगुती वाटणारा प्रश्नही होता, हे मात्र क्वचितच कोणी सांगते.

आता आज्ञावलीकडे वळू. अमेरिकेतील प्रिन्स्टन प्लाझ्मा फिजिक्स लॅबोरेटरीत १९८२ च्या सुमारास ‘डेगास’ या नावाची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिची जागा घेण्यासाठी डॅरेन स्टॉटलर आणि चार्ल्स कार्नी यांनी संपूर्ण नव्याने लिहिलेली ‘डेगास २’ १९९४ मध्ये शोधनिबंधातून मांडली गेली. ती विनामूल्य मिळते. काम करण्याची रीत अशी की यंत्राच्या छेदाचे लहान लहान विभाग पाडायचे, प्रत्येक विभागात इलेक्ट्रॉन व आयनांची घनता आणि तापमान ठरवून द्यायचे, उदासीन कणांचा उगम कोठे आणि किती हे सांगायचे. मग आज्ञावली एकेक कण सोडते, यादृच्छिक संख्यांच्या आधारे त्याच्या टकरी, फूट, विनिमय आणि भिंतीवरची परावर्तने ठरवते आणि प्रत्येक विभागात कणांची, संवेगाची व ऊर्जेची किती भर पडली किंवा किती घट झाली याची नोंद ठेवते. कण आयनित झाला की त्याला संपवून न टाकता त्याचे ‘वजन’ टप्प्याटप्प्याने कमी करण्याची सोय आहे, त्यामुळे खोलवर जाणाऱ्या थोड्या कणांचीही दखल घेतली जाते.

हे सारे एकाच आज्ञेने होत नाही, आणि नवख्या माणसाला पहिला धक्का येथेच बसतो. ‘डेटासेटअप’ हा कार्यक्रम अणू, रेणू, प्रक्रिया आणि भिंतीच्या पदार्थांची माहिती तयार करतो, ‘प्रॉब्लेमसेटअप’ त्यांतून आपल्या प्रश्नापुरते निवडतो, भूमिती ‘डिफाइनजॉमेट्री-टू-डी’ने घडवावी लागते, प्लाझ्माची पार्श्वभूमी आणि कणांचे उगम ‘डिफाइनबॅक’ने भरायचे, कोणत्या नोंदी हव्यात हे ‘टॅलीसेटअप’ला सांगायचे, आणि मग जो मुख्य कार्यक्रम चालवायचा त्याचे नाव ‘फ्लाइटटेस्ट’. उत्तरे पाहायला आणखी वेगळा ‘आउटपुटब्राउझर’. सुरुवातीला ही वरात पाहून वैताग येतो. काही दिवसांनी मात्र तिचा फायदा कळू लागतो, कारण भूमिती एकदा नीट जमली की केवळ पार्श्वभूमी बदलून अनेक प्रयोग करता येतात आणि प्रत्येक टप्प्याची फलनिष्पत्ती नेटसीडीएफ या आकडेवारी साठवण्याच्या प्रकारातील धारिकेत स्वतंत्रपणे तपासता येते. अध्यापनाच्या दृष्टीने मला ही विभागणी आवडली. विद्यार्थ्याला प्रश्नाचे घटक वेगळे करून सांगावेच लागतात. एक कळ दाबून रंगीत चित्र मिळवण्याची वाट येथे बंद आहे.

भूमितीचा टप्पा सर्वांत जास्त वेळ खातो. भिंतीचा छेद बहुभुजाकृतींनी आखायचा, आतला भाग त्रिकोणांत विभागायचा, प्रत्येक तुकडा निर्वात आहे, प्लाझ्मा आहे की घन पदार्थ हे सांगायचे, आणि कडा एकमेकींना काटेकोर जुळतील याची खात्री करायची. विभागाच्या आत घनता व तापमान एकसारखे मानले जाते, म्हणून जेथे तापमान काही मिलिमीटरांत दुप्पट होते त्या कडेच्या भागात विभाग फार बारीक ठेवावे लागतात. हे न केल्यास रेणू फुटण्याची जागाच चुकते आणि पुढचे सगळे चुकत जाते. एका सत्राच्या प्रकल्पात निम्मा काळ स्थापना आणि भूमिती यांतच जाईल, असे धरूनच वेळापत्रक आखावे.

तपासणीसाठी ‘आदित्य’च्या आकाराचे वर्तुळाकार छेदाचे यंत्र घेतले, कारण त्याची मापे सर्वज्ञात आहेत आणि त्या टोकामाकमधील हायड्रोजनच्या तांबड्या, म्हणजे ६५६ नॅनोमीटरच्या प्रकाशाचे ‘डेगास २’ने केलेले प्रतिरूपण शोधनिबंधांतून प्रसिद्धही झाले आहे. प्रथम हातानेच एक हिशेब केला. या प्लाझ्माचे आकारमान सुमारे ०.९ घनमीटर भरते. सरासरी घनता दर घनमीटरला २ गुणिले १० चा १९ वा घात मानली, तर त्यात साधारण तितकेच इलेक्ट्रॉन असतील. एवढे कण पुरवायला सामान्य दाबाचा आणि खोलीच्या तापमानाचा हायड्रोजन किती लागेल? सुमारे ०.४ घनसेंटिमीटर. औषधाच्या लहान सिरिंजमध्येही हा वायू सहज मावेल. प्रत्यक्षात झडपेतून याहून पुष्कळ जास्त वायू सोडावा लागतो, कारण आत आलेले कण प्लाझ्मात फार काळ टिकत नाहीत आणि आलेल्यांपैकी सर्वच आयनित होऊन आत राहत नाहीत. सोडलेल्या कणांपैकी किती टक्के उपयोगी पडले हाच तो एकमेव प्रश्न, आणि ‘डेगास २’ तो विभागवार सोडवून दाखवते.

चालवून पाहिल्यावर वर दिलेल्या अंतरांचे चित्र जसेच्या तसे उमटते. रेणू बाह्य थरात विरतात, त्यांच्या मागे अणूंचा पट्टा दिसतो, आणि त्याहून आत विरळ परंतु तप्त उदासीन अणूंची लांबलचक शेपटी मध्यापर्यंत जाते. कडेची घनता दहापट केली की रेणूंचा थर आक्रसतो, ही गोष्ट अपेक्षितच. अधिक बोलके दृश्य दिसते ते कडेची घनता तशीच ठेवून केवळ आयनांचे तापमान वाढवल्यावर. शेपटी लांबते. म्हणजे अधिक तप्त प्लाझ्मा स्वतःचेच इंधन अधिक खोल ओढून घेतो, पण त्याच वेळी भिंतीकडे जाणारे ऊर्जावान अणूही वाढतात. प्रभार विनिमयाची प्रक्रिया यादीतून काढून टाकून पुन्हा चालवावे. शेपटी जवळजवळ नाहीशी होते. भौतिकीतला हा एकच धडा विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर इतक्या स्पष्टपणे उभा करणारे दुसरे साधन माझ्या पाहण्यात नाही, आणि केवळ एवढ्यासाठीही प्रकल्प देण्याजोगा आहे.

कामाची शिस्तही ही आज्ञावली लावते. प्रत्येक नोंदीबरोबर सापेक्ष प्रमाण विचलन छापले जाते. मॉन्टे कार्लो पद्धतीत चूक निम्मी करायची तर कणांची संख्या चौपट करावी लागते, हे पुस्तकातले वाक्य येथे वीजबिलाच्या भाषेत समजते. त्यातही गंमत अशी की भिंतीजवळ कणांची दाटी असल्याने तेथले आकडे लवकर स्थिरावतात, आणि ज्या गाभ्यातल्या इंधनासाठी हा खटाटोप मांडला तेथे पोहोचणारे कण मोजकेच असल्याने गोंगाट सर्वाधिक राहतो. विचलनाचा स्तंभ झाकून नुसती आलेखरेषा दाखवणाऱ्या विद्यार्थ्याला येथे पकडणे सोपे जाते.

आता दोष, आणि त्यांतला पहिला वास्तविक आज्ञावलीचा कमी आणि वापरणाऱ्याचा जास्त आहे. यंत्र अक्षाभोवती सममित मानले की गणना फार स्वस्त होते, म्हणून बहुतेकांचा कल तिकडेच असतो. भिंतीवरील पुनश्चक्रणासाठी, म्हणजे भिंतीवर आदळून उदासीन होऊन परतणाऱ्या कणांसाठी, हे बऱ्यापैकी चालते. परंतु झडप ही एका जागी असते. सममिती मानताच तिचे काही मिलिमीटरांचे तोंड साऱ्या यंत्राभोवती फिरणाऱ्या कड्यात पसरले जाते. ‘आदित्य’च्या बाहेरच्या भिंतीपाशी या कड्याचा परीघ सुमारे ६.३ मीटर होईल. झोतासमोरची खरी घनता त्यामुळे शेकडो पटींनी कमी दिसते, आणि झडपेसमोर बसवलेल्या प्रकाशशोधकाची तुलना या उत्तराशी केली तर ती निरर्थक होते. आज्ञावलीत त्रिमितीय भूमिती शक्य आहे आणि झोताच्या प्रकाशातून कडेच्या खळबळीचे चित्रण करण्याच्या ‘गॅस पफ इमेजिंग’ तंत्रासाठी अमेरिकेतल्या ‘एनएसटीएक्स’ आणि ‘अल्काटोर सी-मॉड’ या यंत्रांवर तिचा तसा वापर झालेलाही आहे. मात्र ती भूमिती उभी करणे हे पहिल्या प्रकल्पाचे काम नव्हे. एकूण कणांचा ताळेबंद हवा असेल तर सममिती घ्यावी, झोतासमोरची स्थिती हवी असेल तर घेऊ नये, एवढे मार्गदर्शकाने आरंभीच बजावावे.

दुसरा दोष मूळ रचनेतला आहे आणि तोच या परीक्षणाचा गाभा. ‘डेगास २’मध्ये प्लाझ्मा बदलत नाही. आपण भरलेली घनता आणि तापमान अखेरपर्यंत तसेच राहते. वायू कितीही ओता, कड थंड होत नाही, घनता वाढत नाही. वास्तवात प्रत्येक आयनीभवनामागे, उत्सर्जनात गेलेली ऊर्जा धरून, इलेक्ट्रॉनांना साधारण ३० इलेक्ट्रॉन व्होल्ट मोजावे लागतात. वरच्या उदाहरणातले सर्व कण नव्याने आयनित करायचे तर सुमारे १०० ज्यूल लागतील. प्रवाह १ लाख अँपिअर आणि प्लाझ्माच्या वलयाभोवतीची व्होल्टता २ व्होल्ट धरली, तर या प्रवाहामुळे प्लाझ्माला मिळणारी ओहमीय शक्ती २०० किलोवॉट होते, म्हणजे हे १०० ज्यूल तिच्या अर्ध्या मिलिसेकंदाच्या कमाईइतके. त्यापुढे नव्या कणांना गाभ्याच्या तापमानापर्यंत तापवण्याचा खर्च वेगळा, आणि तो या रकमेच्या कित्येक पट असतो. झोत लहान असेल, घनतेत पाच-दहा टक्क्यांचाच फरक पडणार असेल, तर स्थिर पार्श्वभूमीचे गृहीतक निभावून जाते. घनता दुप्पट करणारा झोत असेल तर पहिल्याच मिलिसेकंदात कडेचे तापमान घसरते, आयनीभवन मंदावते, उदासीन कण आणखी आत सरकतात, आणि आपण काढलेले उत्तर ज्या प्लाझ्मासाठी होते तो प्लाझ्मा शिल्लकच नसतो.

याचा व्यावहारिक अर्थ असा की ‘इतका वायू सोडल्यावर घनता किती होईल?’ हा प्रश्न या आज्ञावलीला विचारूच नये. ‘घनता इतकी असताना सोडलेला वायू कोठे गेला?’ हा विचारावा. दोन्ही वाक्ये वरवर सारखी दिसतात, आणि प्रकल्पाच्या प्रस्तावात पहिले लिहून दुसऱ्याचे उत्तर सादर करण्याचा मोह अनेकांना होतो. घनतेच्या प्रश्नाला उत्तर हवे असेल तर उदासीन कणांची आज्ञावली प्लाझ्माच्या आज्ञावलीशी जोडावी लागते, एकीने दिलेली भर दुसरीला द्यायची, बदललेला प्लाझ्मा पहिलीला परत करायचा, आणि हे स्थिर होईपर्यंत फिरवायचे. ‘डेगास २’चे भाग अशा रीतीने ‘एक्सजीसी’ या प्रचंड गतिकीय आज्ञावलीत वापरले गेले आहेत, पण ती महासंगणकांची दुनिया आहे.

भिंतीकडून परत येणाऱ्या कणांविषयीही सावध राहावे. बहुतेक टोकामाकांत झडपेतून येणाऱ्या वायूपेक्षा मर्यादकावर (प्लाझ्माची कड आखणाऱ्या अडसरावर) किंवा भिंतीवर आदळून उदासीन होऊन परतणारे कण कितीतरी जास्त असतात. ‘डेगास २’मध्ये झडप, भिंत आणि आयतनातील पुनःसंयोग असे उगम वेगवेगळे देता येतात आणि प्रत्येकाचा वाटा निराळा पाहता येतो, ही तिची मोठी सोय आहे. मात्र भिंतीवर किती आयन आदळतात हे आपणच सांगायचे असते. तो आकडा अंदाजाने भरला की इंधनपुरवठ्याच्या निष्कर्षातला मोठा हिस्सा अंदाजाचाच होतो, मग कणांची संख्या कोटीत का असेना.

स्थापनेबद्दल दोन शब्द. मूळ संहिता ‘एफवेब’ या पद्धतीत लिहिलेली आहे. यात फोरट्रानची आज्ञावली आणि तिचे विवेचन एकाच धारिकेत असते आणि संकलनापूर्वी ती वेगळी करून घ्यावी लागते. १९९० च्या दशकात ही कल्पना आधुनिक होती. आज ‘एफवेब’ वापरणारे फारसे कोणी उरलेले नाही, आणि पायथॉनवर वाढलेल्या विद्यार्थ्याला संहितेत स्वतः बदल करायचा झाल्यास आधी ही जुनी रीत शिकावी लागते. उलटपक्षी, विवेचन संहितेच्या शेजारीच असल्याने कोणते सूत्र कोठे वापरले आहे ते वाचून कळते, हेही खरे. ज्यांना केवळ वापरायची आहे त्यांनी लिनक्स असलेला संगणक, फोरट्रानचा संकलक, नेटसीडीएफ आणि समांतर गणनेसाठी एमपीआय एवढी तयारी ठेवावी. लॅमिंग्टन रोडवर जुळवून मिळणारा आठ गाभ्यांच्या प्रोसेसरचा साधा संगणक ‘आदित्य’च्या आकाराच्या द्विमितीय प्रश्नाला पुरतो, कारण प्रत्येक कणाचा प्रवास स्वतंत्र असल्यामुळे काम गाभ्यांमध्ये सहज वाटता येते. महागडे ग्राफिक कार्ड घेण्याची गरज नाही. ते पैसे मेमरीवर खर्च करावेत.

पर्यायांकडे पाहिले तर निवड आणखी स्पष्ट होते. जर्मनीतील ज्युलिशमध्ये डेटलेव्ह रायटर यांनी घडवलेली ‘आयरीन’ ही या क्षेत्रातली सर्वांत प्रस्थापित मॉन्टे कार्लो आज्ञावली, आणि द्रव-प्रतिमानाशी जोडलेले तिचे रूप ‘सॉल्प्स-ईटर’ म्हणून २०१५ पासून ईटर संस्थेमार्फत दिले जाते. ज्यांचे पुढचे काम ईटरशी निगडित असणार त्यांनी तीच शिकावी, यात वाद नाही. परंतु तिचा पसारा आणि संस्थात्मक नोंदणी पाहता ती महाविद्यालयापेक्षा संशोधन संस्थेला शोभते. अमेरिकेतील लिव्हरमोर प्रयोगशाळेची ‘यूएज’ पायथॉनमधून एका ओळीत स्थापित होते, प्लाझ्मा आणि उदासीन वायू दोन्ही एकत्र सोडवते आणि म्हणून ‘घनता किती होईल?’ हा प्रश्न तिला विचारता येतो. मात्र उदासीन वायूला ती द्रव मानते, म्हणजे अर्ध्या मीटरची शेपटी जेथे महत्त्वाची तेथेच तिचे गृहीतक दुबळे. शिवाय आरंभीची अवस्था चांगली दिली नाही तर ती अभिसरणाला, म्हणजे स्थिर उत्तरापर्यंत पोहोचायला, अडून बसते. एमआयटीचे ब्रायन लाबोम्बार्ड यांची २००१ मधील ‘केएन-वन-डी’ ही एकमितीय आज्ञावली मला अध्यापनासाठी फार उपयुक्त वाटते. तिच्यात यादृच्छिक संख्या नाहीत, म्हणून गोंगाट नाही, आणि रेणू व अणूंचे वेगवितरण थेट हाती येते. ती मुळात ‘आयडीएल’ या विकत घ्याव्या लागणाऱ्या भाषेत लिहिलेली आहे, ही तिची अडचण.

यावरून माझी शिफारस अशी. पदव्युत्तर दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला, ज्याने फोरट्रान किंवा सी पाहिलेली आहे आणि ज्याचा मार्गदर्शक पहिला महिना सोबत बसायला तयार आहे, त्याला ‘डेगास २’ अवश्य द्यावी. कल्याणहून किंवा विरारहून रोज दोन-दोन तास प्रवास करून येणाऱ्या मुलाला प्रयोगशाळेत रात्री थांबता येत नाही, म्हणून दूरस्थपणे संगणकावर काम लावून सकाळी निकाल पाहण्याची व्यवस्था विभागाने आधी करावी. मॉन्टे कार्लोचे काम असे रात्रभर चालू ठेवायला अगदी सोयीचे आहे. पदवीच्या विद्यार्थ्याला मात्र ती देऊ नये. त्याने वरची अंतरे हाताने काढावीत, नंतर पायथॉनमध्ये शंभर ओळींची एकमितीय मॉन्टे कार्लो स्वतः लिहावी, ज्यात रेणू नाहीत, केवळ अणू, आयनीभवन आणि प्रभार विनिमय आहे. ती लिहिलेला विद्यार्थी पुढे ‘डेगास २’कडे आला तर ‘फ्लाइटटेस्ट’ आत काय करते हे त्याला विचारावे लागत नाही.

आणि प्रकल्पाचा विषय ठरवताना झडपेची जागा बदलून पाहणे हा प्रश्न घ्यावा: बाहेरच्या बाजूने, आतल्या बाजूने, वरून. येथे प्लाझ्माची पार्श्वभूमी तीच ठेवायची असते, तुलना सापेक्ष असते, आणि त्यामुळे स्थिर पार्श्वभूमीचा दोष फारसा आड येत नाही. सममितीची चूक तिन्ही वेळा सारखीच राहते, म्हणून क्रमवारी बहुधा टिकून राहते. निकालाच्या तक्त्यात क्रमवारी आणि विचलन एवढेच द्यावे, इंधन-कार्यक्षमतेची टक्केवारी दशांश चिन्हापुढे दोन स्थळांपर्यंत छापू नये.